उलट्याच्या उलट

बैठकीच्या खोलीतल्या पडद्याचा दांडा एका बाजूने तीन बोटं खाली आला होता. तो सरळ करायला म्हणून गिरकीसाहेब रविवारी सकाळी स्टुलावर चढले आणि दांडा सरळ व्हायच्या आत स्वतः आडवे झाले. डॉक्टरांनी उजव्या हाताला कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हा हात नाहीच असं समजा, असं बजावलं.

"दांडा वाकडा आहे हे मी तीन महिने बघतेय," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली. "तुला आजच दिसला?"

"दिसला म्हणून तर चढलो."

"आणि स्टुलाचा पाय वाकडा आहे, तो नाही दिसला."

बायको वाहतूक पोलिसात होती. शहरातल्या सगळ्यात अवघड चौकात उभी राहून ती रोज हजारो लोकांना डावं-उजवं दाखवायची, त्यामुळे घरीही तिचा शब्द हा सिग्नल असे. गिरकीसाहेबांनी मान खाली घातली आणि रिक्षात बसले.

गिरकीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते ज्या कारखान्यात इंजिनिअर होते तिथे घुसळणीची मोठाली यंत्रं बनत. उभी स्टीलची टाकी, वर मोटर, मोटरीतून खाली उतरलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला तिरकी पाती. पाती फिरली की टाकीतला द्रव कसा वाहील, हे साहेब आधी कॉम्प्युटरवर काढून दाखवत. त्यात दोन गोष्टींवर त्यांचा फार जीव. एक व्हॉर्टिसिटी, म्हणजे पाणी जागोजागी कुठल्या बाजूला आणि किती जोराने गिरकी घेतंय त्याचं माप. आणि दुसरी हेलिसिटी, म्हणजे गिरकी घेत घेत पुढे सरकणारं पाणी उजव्या स्क्रूसारखं जातंय की डाव्या, त्याचं माप. दोन्हीला अधिक किंवा उणे चिन्ह लागतं, आणि ते चिन्ह ओळखायची युक्ती अशी की उजव्या हाताचा अंगठा वर करायचा. बोटं ज्या बाजूला वळतात ती अधिक गिरकी. साहेब ही युक्ती कॅन्टीनमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये, कुठेही करून दाखवत. अंगठा वर, बोटं वळलेली, आणि मनगट असं फिरतंय की जणू हवेत कुणी बल्ब लावतंय. म्हणून ते गिरकीसाहेब.

सोमवारी ते गळ्यात हात अडकवून कामावर गेले. सुट्टी घेणं शक्यच नव्हतं. गुरुवारी शाम्पूच्या कारखान्याचे मालक नवं यंत्र बघायला येणार होते. ही ऑर्डर हाती आली तर कारखान्याला सहा महिन्यांचं काम, नाही आली तर मालकीणबाईंच्या शब्दांत "सगळ्यांनी आपापल्या घरचं ताक घुसळायचं."

पाती साहेबांच्या पडण्याच्या आधीच तयार होऊन आली होती. उरलं होतं एकच काम, मोटर कोणत्या बाजूला फिरवायची ते वायरमनला सांगायचं. साहेबांनी प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं, टाकीच्या मध्यभागी व्हॉर्टिसिटी अधिक. साहेबांनी सवयीने अंगठा वर केला, बोटं वळवली आणि बोटांच्या बाजूने कागदावर बाण काढला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे हे सगळं डाव्या हाताने झालं. बाणही डाव्या हातानेच काढला; तो गोगलगायीसारखा आला, पण दिशा स्पष्ट होती, घड्याळाच्या काट्याप्रमाणे.

वायरमनला कारखान्यात सगळे काका म्हणत. निवृत्तीला चार महिने राहिलेले. काकांनी कागद लांब धरून पाहिला.

"वरून बघून असा, की खालून?"

"वरून. नेहमीच वरून."

पात्यांचा तिरकेपणा त्यांनी सकाळीच हाताने चाचपून पाहिला होता, आणि त्यांच्या बोटांचं मत बाणाशी जुळत नव्हतं. पण मागे एकदा त्यांनी अशीच शंका काढली, तेव्हा साहेबांनी त्यांना फळ्यासमोर बसवून तासभर व्हॉर्टिसिटी समजावली होती. त्या तासात काकांचा चहा निवला, सायकलीची हवा कुणीतरी सोडली आणि शंका होती तशीच राहिली. तेव्हापासून काकांनी ठरवलं होतं, शंका असली तर आपली आपणच निस्तरायची.

"बरं," ते म्हणाले आणि बाणाप्रमाणे वायर जोडून टाकल्या.

बुधवारी दुपारी साहेब प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेले. काकांनी ती संधी साधली. टाकीत नुसतं पाणी भरलं आणि बटण दाबलं. जे पाणी मधून खाली जायला हवं ते मधूनच वर उसळायला लागलं, जणू नळ फुटला. काकांनी मोटर बंद केली, दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा बटण दाबलं. पाणी शहाण्यासारखं खाली गेलं. काकांनी टाकी रिकामी केली, फरशी पुसली आणि कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. साहेबांची चूक परस्पर दुरुस्त झाली, साहेबांचा मानही राहिला. त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्याच संध्याकाळी जेवताना साहेब खुशीत होते. बायको बरणीचं झाकण लावत होती, ते बघून त्यांना विषय सुचला.

"हे झाकण बघ. वरून पाहिलं तर काट्याच्या बाजूने फिरतं आणि खाली जातं. हा झाला उजवा स्क्रू. हेलिसिटी अधिक."

"जेव."

"पण उद्याच्या आमच्या यंत्रात गंमत आहे. तिथे पाणी खाली जातं, पण हेलिसिटी उणे. म्हणजे डावा स्क्रू. झाकणाच्या बरोब्बर उलट. असं." साहेबांनी चमचा ठेवला, डाव्या हाताचा अंगठा वर केला, बोटं वळवली आणि मनगट फिरवलं.

बायकोने घास तसाच हातात धरला. "पुन्हा कर."

साहेब सुखावले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हेलिसिटी पुन्हा करून दाखव, असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. त्यांनी पुन्हा करून दाखवलं.

"तू तर झाकण लावायच्या बाजूलाच फिरवतोयस. उलट कुठे?"

साहेबांनी बोटांकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग पुन्हा बोटांकडे.

"नियम कुठल्या हाताचा आहे?" बायकोने विचारलं. हा आवाज ती चौकात वापरायची.

"उजव्या."

"आणि हा कुठला?"

साहेबांचा चेहरा प्लास्टरइतका पांढरा पडला होता. सोमवारपासून आपण चुकीचा हात वर करतोय, बाण उलटा आहे, वायर उलट्या आहेत आणि उद्या अकरा वाजता शाम्पूवाले येणार आहेत, हे सगळं एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"काकांना फोन लाव," बायको म्हणाली.

"काय सांगू? माझा हात चुकला म्हणून? वीस वर्षं मी त्या लोकांना हेच शिकवतोय."

"मग उद्या यंत्र सांगेल."

साहेबांनी फोन लावला, पण हाताचं काही बोलले नाहीत. घसा साफ केला आणि अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "काका, एक बारीकसा बदल आहे. मोटरच्या वायर आत्ता जशा आहेत ना, त्याच्या उलट करा."

पलीकडे काका दचकले. आपण गुपचूप केलेली अदलाबदल साहेबांना कुणीतरी सांगितली! त्यांना वाटलं, साहेब चिडले असून वरवर गोड बोलतायत.

"करतो साहेब," ते म्हणाले. "सकाळी आल्या आल्या करतो."

"कुणाला बोलू नका."

"छे छे, मी कशाला बोलू?"

दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकून फोन ठेवला. सकाळी आठ वाजता काकांनी साहेबांच्या हुकमाप्रमाणे वायर उलट केल्या, म्हणजे बाणाप्रमाणे होत्या तिथे परत नेल्या.

अकराला शाम्पूवाले आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, आणि चेहरा असा उदास की जणू कुणी त्यांच्याच डोळ्यांत त्यांचाच शाम्पू घातलाय. सोबत त्यांनी स्वतःच्या कारखान्यातला घट्ट शाम्पू पिंपं भरून आणला होता. तो टाकीत ओतला गेला, वर पाणी सोडलं गेलं. मालकीणबाई नवी साडी नेसून टाकीशेजारी उभ्या होत्या.

"शाम्पू घुसळताना सगळ्यात मोठा शत्रू कोण?" त्यांनी हात जोडून सुरुवात केली. "फेस. आमच्या यंत्रात द्रव मधून खाली जातो, कडेने वर येतो, हवा आत ओढलीच जात नाही. फेस तुम्हाला औषधालासुद्धा सापडणार नाही. काका, करा सुरू."

काकांनी बटण दाबलं.

पहिले दोन सेकंद काहीच झालं नाही. मग टाकीच्या मध्यभागी एक गुबगुबीत पांढरा फुगवटा वर आला. तो वाढला, टाकीच्या काठावर रेलला आणि मालकीणबाईंच्या पदरावर उतरला.

"यंत्राला उलटी झाली!" कुणीतरी मागून ओरडलं.

"बंद करा!" बाई किंचाळल्या.

पण बटण टाकीच्याच अंगाला होतं आणि तिथे आता फेसाची भिंत उभी होती. काका तिच्यात शिरले आणि दिसेनासे झाले. फेस गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. गिरकीसाहेबांनी प्लास्टरचा हात वर धरला आणि पाण्यात उतरलेल्या माणसासारखे पुढे सरकले.

"काका! उलट केलं होतंत ना?"

"केलं ना!" फेसातून आवाज आला. "तुमच्या सांगण्यावरूनच केलं!"

"मग हे काय आहे? कशाच्या उलट केलंत?"

"माझ्या!"

"तुमच्या म्हणजे?"

"तुमचा बाण उलटा होता, म्हणून मी तुमच्या उलट केलं होतं. मग तुम्ही माझ्या उलट करायला सांगितलंत!"

"मला कुठे माहीत होतं तुम्ही माझ्या उलट केलंय? मी माझ्याच उलट करायला सांगत होतो!"

"मग तसं सांगायचं की!"

"मग आत्ता जे चाललंय," मालकीणबाईंनी डोळ्यांवरचा फेस पुसत विचारलं, "ते कुणाचं?"

"साहेबांचं," काका म्हणाले. त्याच वेळी त्यांच्या हाताला बटण लागलं आणि मोटर थांबली.

फेस बारीक आवाज करत बसायला लागला. मालकीणबाईंना ऑर्डर त्या फेसाबरोबरच विरताना दिसत होती. पाहुणे कुठे आहेत, हेच कुणाला कळेना. शेवटी दाराजवळचा एक ढीग हलला आणि त्यातून एक टक्कल वर आलं. शाम्पूवाल्यांनी भुवयांवरचा फेस निथळवला आणि सगळीकडे पाहिलं.

"अगदी घरी आल्यासारखं वाटलं," ते म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही.

"अहो, माझ्याकडे रोज हेच असतं. चार यंत्रं आहेत आणि चारही अशीच फेस काढतात. रसायन बदललं, पाणी बदललं, तीन केमिस्ट बदलले. म्हणून तर नवीन यंत्र बघायला आलो. म्हटलं, जुनी सगळी मोडीत काढावी आणि तुमच्याकडची नवी पाच बसवावी. आता बघतो तर तुमच्याकडेही तेच."

काकांनी तोंड उघडलं. मालकीणबाईंनी फेसाच्या खालून त्यांच्या पायावर पाय दिला. काकांनी तोंड मिटलं. पाच नव्या यंत्रांची ऑर्डर एका बाजूला आणि दोन वायरींची अदलाबदल दुसऱ्या बाजूला, हे बाईंच्या लगेच ध्यानात आलं होतं. "थोडा तांत्रिक दोष आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "दुपारपर्यंत दूर होईल. मग आपण पाची यंत्रांचं बोलू."

गिरकीसाहेब कमरेइतक्या फेसात उभे होते. काल रात्री फोनवर एक वाक्य खरं बोललो असतो, तर आज हे झालं नसतं, एवढं त्यांना कळून चुकलं होतं. आणि बायको इथे असती तर बाईंच्या 'तांत्रिक दोषा'वर तिची शिट्टी वाजली असती, हेही.

"तांत्रिक दोष नाही," ते म्हणाले. "माझा दोष आहे. उजवा हात मोडला म्हणून मी डाव्या हाताने दिशा काढली. काकांनी ती गुपचूप सुधारली, मी गुपचूप बिघडवली. यंत्र चांगलं आहे, फक्त मोटर उलटी फिरतेय. आणि तुमची चार यंत्रंही बहुतेक उलटीच फिरतायत. नवीन घ्यायची गरजच नाही. दोन वायरी बदलल्या की झालं."

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. फेस बरा होता, असं त्यांना वाटलं असावं.

शाम्पूवाले फेस तुडवत टाकीपाशी आले. मग म्हणाले, "दाखवा."

काकांनी तिथल्या तिथे वायर बदलल्या आणि बटण दाबलं. टाकीच्या मध्यभागी एक छोटासा खळगा पडला, द्रव मुकाट्याने खाली निघाला, आणि काठावर लोंबणारा फेससुद्धा त्या खळग्याकडे सरकून आत बुडायला लागला. शाम्पूवाले टाकीवर वाकून ते बघत राहिले, लहान मूल विहिरीत बघतं तसे.

"सोमवारी माझ्याकडे या," ते म्हणाले. "चारही सरळ करून द्या. खरंच झाली, तर हे पाचवं मी घेतो. आणि बाई, साहेब खरं बोलले नसते ना, तर मी पाची घेतली असती आणि घरी नेऊन माझ्या माणसांनी पाची उलटी जोडली असती."

सोमवारी साहेब आणि काका शाम्पूच्या कारखान्यात पोचले. फाटकातून आत शिरताच काका थबकले. अंगण आरशासारखं चकचकीत. खिडक्यांच्या काचा आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. कामगारांचे कपडे नुकतेच दुकानातून आणल्यासारखे. कोपऱ्यात उभा असलेला ट्रकसुद्धा धुतलेल्या भांड्यासारखा लखलखत होता.

आत चार टाक्या होत्या आणि चारींच्या काठावर फेस. एका शिडीवर उभ्या राहिलेल्या मावशी हातभर लांब झाऱ्याने तो फेस काढून बादल्यांत भरत होत्या. यंत्रं आली त्या दिवसापासून त्यांचं हेच काम होतं.

काकांनी पहिल्या टाकीच्या वायर बदलल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. साहेबांनी प्रत्येक वेळी आधी काकांना विचारलं, मग स्वतः वाकून पाहिलं आणि दोघांचं एकमत झाल्यावरच मोठ्याने सांगितलं. एकेका टाकीतला फेस खाली बसला. मावशींचा झारा हवेतच राहिला.

शाम्पूवाल्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. काकांनी चौथ्या टाकीला हात घातला.

"थांबा," मावशी शिडीवरून म्हणाल्या. "मालक, आता अंगण कशानं धुवायचं?"

"म्हणजे?"

"रोज चाळीस बादल्या फेस निघतो. त्यात अंगण होतं, काचा होतात, ट्रक होतो, सगळ्यांचे कपडे होतात. शेजारच्या शाळेची फरशीपण त्यातच होते. तिथल्या बाई रोज माणूस पाठवतात बादली घेऊन. उद्यापासून काय करायचं? शाम्पूच्या कारखान्यात साबण विकत आणायचा?"

शाम्पूवाल्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, काचांकडे पाहिलं, स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे पाहिलं. हा सदरा इतका पांढरा कसा राहतो, हे त्यांनाही आजच कळत होतं.

"साहेब," ते जरा संकोचून म्हणाले, "हे चौथं आहे तसंच राहू दे."

"तसंच? पण ते उलटं आहे!"

"राहू दे उलटं."

"अहो, पात्यांची दिशा एक आणि मोटरची दुसरी! हे तत्त्वतःच चूक आहे. मी अशा यंत्राला सही कशी करू?"

"मावशी म्हणतील तशी करा," शाम्पूवाले म्हणाले आणि पाचव्या यंत्राच्या कागदावर सही करायला ऑफिसात निघून गेले.

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले आणि पक्कड पिशवीत टाकली. मावशी शिडीवरून उतरल्या, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या, आणि चौथ्या टाकीच्या अंगावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं बाण काढा. मोठा काढा, म्हणजे पुन्हा कुणी शहाणा येऊन सरळ करणार नाही."

गिरकीसाहेबांनी ब्रश घेतला आणि जन्मात पहिल्यांदाच समजून-उमजून चुकीच्या दिशेचा बाण काढला. मावशींनी लांब जाऊन पाहिला आणि मान डोलावली. मग साहेबांनी तपासणीचा कागद गुडघ्यावर ठेवला. पहिल्या तीन यंत्रांपुढे 'दिशा' या रकान्यात त्यांनी 'सरळ, बरोबर' असं लिहिलं. चौथ्यापुढे पेन बराच वेळ अडलं.

"काका, इथे काय लिहू?"

काका आत वाकले. टाकीत पांढराशुभ्र फुगवटा टम्म वर येत होता आणि मावशी झारा सरसावून शिडी चढत होत्या.

"जे आहे तेच लिहा की," काका म्हणाले.

साहेबांनी लिहिलं, 'उलटी, बरोबर,' आणि खाली सही केली.